खालच्या मजल्याची ऊब

खिडकीच्या फटीत बसवायच्या फोमच्या पट्टीचं दुकानात एकच रीळ उरलं होतं. त्याच्या एका टोकाला माझा हात होता आणि दुसऱ्या टोकाला त्याचा.

"मी आधी धरलंय," मी म्हणाले.

"मी आधी पाहिलंय. बाहेरूनच... काचेतून."

"पाहण्याला कोण विचारतं? हात कुणाचा आधी पडला ते सांगा."

"हात तर अजून दोघांचाही आहे," तो म्हणाला आणि हसला. गालावर थंडीने आलेली लाली, टोपीवर वितळणारं बर्फ, आणि हसताना एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त बारीक होत होता. मी रीळ सोडलं नाही. पण ओढलंही नाही.

शेवटी दुकानदारच वैतागला. "अहो, मधोमध कापून देतो! अर्धं हिला, अर्धं तुम्हाला. माझ्या गिऱ्हाइकांना वाट द्या."

बाहेर मिठासारखं बारीक बर्फ भुरभुरत होतं. मी चालू लागले. तोही त्याच दिशेने निघाला. चौक ओलांडला, बेकरी मागे पडली, तरी तो दोन पावलं पुढेच.

"तुम्ही माझ्या मागावर आहात का?" मी विचारलं.

"मी पुढे चालतोय. मागावर तर तुम्ही आहात!"

आणि आमच्याच इमारतीच्या दारापाशी येऊन त्याने खिशातून किल्ली काढली, तेव्हा आम्ही दोघंही एकदम थांबलो.

"कितवा मजला?" मी.

"दुसरा. परवाच सामान आणलं. आणि तुम्ही?"

"तिसरा. तुमच्या डोक्यावर."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जणू मी आत्ताच छतावर उभी होते. "म्हणजे माझं छत बर्फासारखं थंड पडतं, ते तुमच्यामुळे! तुम्ही घर तापवतच नाही की काय?"

मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले. कारण... खरंच तापवत नव्हते.

तुर्कस्तानातल्या आमच्या एस्किशेहिरच्या हिवाळ्यात घर न तापवता राहणं ही चेष्टा नाही. पण माझी एक युक्ती होती आणि तिचा मला फार अभिमान होता. माझ्या वर राहणाऱ्या मेलाहत मावशींना संधिवात, त्यामुळे त्यांचं घर हमामखान्यासारखं. खालच्या कर्नलसाहेबांना सदरा घालून, बाह्या सरसावून वर्तमानपत्र वाचायची सवय, म्हणून त्यांचंही बॉयलर दिवसरात्र चालू. दोघांच्या मध्ये मी, पावाच्या दोन तुकड्यांमधल्या चीजसारखी. माझे रेडिएटर बंद, खिडक्यांना फोम, दाराखाली वाळू भरलेली कापडी गुंडाळी, रेडिएटरच्या मागे चंदेरी कागद. माझं गॅसचं बिल बघून माझी आईसुद्धा म्हणायची, "पोरी, तू जिवंत आहेस ना तिथे?"

मग कर्नलसाहेब मुलीकडे राहायला गेले. खालचं घर रिकामं झालं आणि माझी जमीन गारठली. आता तिथे हा आला होता. नाव इल्केर, शहरातली ट्राम चालवायचा.

पण हा तर माझ्याहून वरचढ चिकट निघाला!

"मी फक्त पुढची खोली तापवतो," एके दिवशी जिन्यात भेटला तेव्हा त्याने सांगितलं. "मागची खोली बंदच असते. आत खुर्चीसुद्धा नाही. कशाला गॅस जाळायचा?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले, आणि मनातून चरफडले. मागच्या खोलीच्या वर तर मी बसायचे! रस्त्याचा आवाज तिथे येत नाही म्हणून माझं टेबल, माझा संगणक तिथेच. माझं काम म्हणजे कानाला यंत्र लावून लोकांच्या शिव्या ऐकणं. गॅस कंपनीच्या ग्राहक सेवेत होते मी, घरून. अख्खा हिवाळा लोक बिल हातात घेऊन माझ्यावर ओरडायचे आणि मी दोन पायमोजे, एक घोंगडी आणि बोटं कापलेले हातमोजे घालून म्हणायचे, "नमस्कार, मी नर्मीन. मी आपली काय मदत करू शकते?"

"तुझा आवाज खाली येतो," एकदा तो म्हणाला. तोवर आम्ही एकमेकांना 'तू' म्हणू लागलो होतो. कधीपासून, ते आठवत नाही. "पाळी दुपारची असली की सकाळी चहा पिताना ऐकतो. किती गोड बोलतेस गं लोकांशी! माझ्याशी का नाही बोलत तसं?"

"तू तक्रार केली नाहीस अजून."

"करू?"

"आधी बिल तर भर जरा मोठं. पुढच्या खोलीच्या उबेवर कसली तक्रार करतोस!"

"आणि ती ऊब वर कोण चोरतं? पुढच्या खोलीत तू टीव्ही बघतेस ना... माझ्याच गॅसवर?"

"ऊब आपणहून वर येते. मी बोलावलं नव्हतं."

"नाहीतरी तू कुणाला बोलावतेस कुठे," तो हळूच म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी मात्र तिथेच, एक हात कठड्यावर, बराच वेळ.

त्या दिवशी मी चीज भरलेले, पापुद्र्यांचे बोरेक केले. उबेचं भाडं म्हणून पाठवते, असं म्हणत एका निळ्या ताटलीत घालून खाली दिले. ताटली परत आली ती भाजलेल्या चेस्टनटनी भरून. आमच्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर मूठभर साखर का होईना, घालतात, पण रिकामी नाही. त्याला स्वयंपाक येत नव्हता, म्हणून कधी संत्री, कधी ट्रामच्या थांब्यावरचं ताजं सिमित, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, एकदा तर नुसतीच चॉकलेटं, चांदी सोललेली आणि त्या चांदीच्या इवल्या होड्या करून कडेला लावलेल्या. मी चॉकलेटं खाल्ली. होड्या खिडकीत ठेवल्या. मग वाटलं, कुणी बघेल... म्हणून उचलून कपाटात ठेवल्या.

तर असं चाललं होतं. आणि मला वाटत होतं, हे फक्त माझंच आहे.

जानेवारीत कडाका वाढला. एका सकाळी कामाला बसले, आणि पायातला मोजा सरळ करताना अनवाणी तळवा जमिनीला लागला... जमीन कोमट होती!

मी दुसरा मोजा काढला. तोही पाय टेकवला. कोमट नाही, चांगली गरम! टेबलाखाली गरम, कपाटाजवळ गरम, अगदी कोपऱ्यापर्यंत. सुखाने माझे डोळे मिटले. हातमोजे काढले, घोंगडी बाजूला सारली. त्या दिवशी मी शिव्या देणाऱ्यांशीसुद्धा इतकी लाडात बोलले की एका आजोबांनी माझ्या लग्नाची चौकशी केली.

दुपारी मात्र डोक्यात किडा वळवळला. मागची खोली बंद असते ना? आत खुर्चीसुद्धा नाही ना? मग ती तापवतंय कोण... आणि कुणासाठी?

संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दाराबाहेर त्याचे काळे, जाडजूड बूट होते. आणि त्यांना खेटून, लाल रंगाचे, उंच टाचेचे, बाईमाणसाचे बूट!

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना... माझी तर सकाळपासून तळपायातच होती. आता चढली.

दूध न घेताच मी वर आले. मेलाहत मावशी जिन्यातच भेटल्या. त्यांना गुडघ्यांनी चालवत नाही, पण बातम्या मात्र चारही मजल्यांच्या असतात.

"पाहिलेस का ते बूट?" त्या डोळे मिचकावत म्हणाल्या. "ट्राम डेपोतलीच आहे. बेर्ना नाव. केस कसे लांबसडक! गेल्या आठवड्यातही आली होती. मुलगा सरळ आहे गं, वय झालंय, करेल लग्न."

"करू दे की," मी म्हणाले. "माझं काय जातंय?"

"तुझं कशाला काही जाईल? तुझा चेहरा का असा लाल झालाय पण?"

"थंडीने, मावशी."

दुसऱ्या दिवशीही जमीन गरम. तिसऱ्या दिवशीही. मला ती पायाला लागली की डोळ्यांपुढे चित्र उभं राहायचं. मागच्या खोलीत आता पलंग असेल, पडदे असतील. ती लांबसडक केस मोकळे सोडून बसली असेल. आणि तो, जो स्वतःसाठी एक खोली तापवताना हात आखडायचा, तिच्यासाठी गॅस जाळतोय! माझ्यासाठी काय, तर संत्री!

मी बैठकीतला गालिचा ओढत आणला आणि टेबलाखाली पसरला. तरी ऊब येतच राहिली. म्हणून दुसरा गालिचा त्याच्यावर. आणि मग, लाज वाटते सांगायला, मी स्वतःचं बॉयलर पेटवलं. सगळे रेडिएटर उघडले. तिच्या उबेतला एक कणसुद्धा मला नको होता! गॅसचा आकडा फिरत होता आणि मी घामाने निथळत "नमस्कार, मी नर्मीन" म्हणत होते. लोकांना सांगायचं, उष्णता कमी ठेवा, पैसे वाचतील. आणि स्वतः? नुसत्या जळण्यावर घर तापलं असतं तर माझं बिल शून्य आलं असतं.

रविवारी बेल वाजली. दारात तो. नाक लाल, हातात पिशवी.

"सालेप आणलंय, दालचिनी घातलेलं दूध, गरम गरम. पेले काढ." आणि मग आत डोकावून, "अरे वा! एवढं उकडतंय? तू... बॉयलर लावलंस?"

"लावलं. मला परवडतं."

"नाही, चांगलंच आहे. पण मला वाटलं होतं..." तो अडखळला. "मागच्या खोलीत थंडी वाजत नाही ना आता?"

म्हणजे मला ऐकवत होता! मागची खोली, मागची खोली!

"थांब," मी म्हणाले. आत गेले. संत्री घालून आलेली त्याची स्वतःची ताटली ओट्यावर होती. माझ्याकडे शिजवलेला भात होता, सुकी अंजिरं होती, सफरचंदं होती. काही म्हणजे काही घातलं नाही. ताटली धुतली, पुसली आणि त्याच्या हातात दिली. रिकामी.

त्याने ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचं हसू असं हळूहळू विझताना मी प्रथमच पाहत होते.

"असं आहे तर," तो म्हणाला.

"असंच आहे. आणि दारातल्या लाल बुटांना हवा लागू देऊ नकोस, थंडीत चामडं तडकतं."

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत म्हणाले खरी. पण दार लावल्यावर. बंद दाराशी.

सालेपची पिशवी त्याने दाराबाहेरच ठेवली होती. मी ती उचलली तेव्हा ते गार झालं होतं.

सोमवारी सकाळी जमीन थंडगार! दोन्ही गालिचे बाजूला करून हात लावून पाहिला. थंड. "गेली!" मी मोठ्याने म्हणाले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गिरकी घेतली. मग मात्र तसाच एक दिवस गेला, आणखी एक गेला. जिन्यात तो दिसला, तर मान खाली घालून, "नमस्कार, नर्मीनबाई." बाई! ती गेली होती की नाही देव जाणे, पण माझं तर सगळंच गेलं होतं. ती जमीन पुन्हा गरम व्हावी, मग कुणासाठी का असेना, असं मला वाटू लागलं. एवढी मी वेडी.

बुधवारी, माझी जेवणाची सुट्टी चालू असताना, बेल वाजली. दार उघडलं, तर समोर लाल बूट. नजर वर नेली. लांबसडक केस, डेपोचा गणवेश, कमरेवर हात.

"तूच का ती वरची?" ती म्हणाली.

"मी नर्मीन. आणि तू बेर्ना. काय काम आहे?"

"काही नाही. नुसतं बघायचं होतं." तिने मला पायातल्या दोन मोज्यांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हं. मला वाटलं होतं, फार सुंदर असशील."

"आत ये, मग नीट अपमान करता येईल तुला."

ती क्षणभर गोंधळली, मग फिसकन हसली. बूट मात्र काढले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ऐक. मी त्याच्याकडे दोनदा आले. पाळीची बदली करायची म्हणून... बहाणाच होता, कळलं असेल तुला. पुढच्या खोलीत मला बसवलं. काय थंडी गं! कोट काढला नाही मी. आणि मागच्या बंद दाराखालून मात्र गरम हवा येतेय. मी म्हटलं, आत कोण ठेवलीयस? म्हणे, कुणी नाही. माझा विश्वास बसेना. उठले आणि दार उघडलं."

"आणि?" मी एक पाऊल पुढे आले.

"रिकामी खोली! चटई नाही, खुर्ची नाही, पडदासुद्धा नाही. नुसत्या चार भिंती आणि रेडिएटर भट्टीसारखा तापलेला. मी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? तर छताकडे बोट दाखवून म्हणतो, वर ती काम करते, तिला फार शिंका येतात."

मी दाराची कडी घट्ट धरली.

"पुढच्या खोलीचा रेडिएटर बंद करून मागची तापवत होता तो," बेर्ना म्हणाली. "दोन्हींचं बिल झेपत नाही म्हणून. पलंग पुढच्या खोलीत, म्हणून स्वतः कोट घालून झोपायचा. मला कुणी असं गारठून दाखवलं असतं ना..." ती थांबली. तिचे डोळे पाणावले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. "काल मी त्याला सरळ विचारलं. नाही म्हणाला. म्हणे, तिलाही मी नकोय, तिने रिकामी ताटली दिली, पण म्हणून मी तुला फसवणार नाही. बाई गं, रिकामी ताटली? माणसं शत्रूलाही देत नाहीत!"

"मला तुझे बूट दिसले होते," मी कसंबसं म्हणाले.

बेर्नाने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "चला, म्हणजे माझ्यावरही कुणीतरी जळलं. तेवढंच समाधान." आणि ती टाचा वाजवत खाली उतरून गेली.

मला तिच्यामागून धावायचं होतं, दुसऱ्या मजल्यावर थांबायचं होतं, दार बडवायचं होतं. पण सुट्टी संपली होती. टेबलावर दिवा लुकलुकत होता. मी यंत्र कानाला लावलं, डोळे पुसले.

"नमस्कार, मी नर्मीन. मी आपली काय मदत करू शकते?"

पलीकडे कुणीतरी खोकलं. तोच खोकला जमिनीखालूनही आला.

"लागलीस एकदाची," इल्केर म्हणाला. "सकाळपासून फोन लावतोय. दुसऱ्याच मुली उचलतात. प्रत्येकीला खोटी तक्रार सांगावी लागते."

"हा कॉल रेकॉर्ड होतोय, साहेब."

"होऊ दे. मला तक्रार नोंदवायचीय... आणि मग एकदाचं हे प्रकरण मिटवून टाकायचंय. या महिन्यात बिल फार आलं."

"कारण काही लक्षात येतंय का आपल्या?" आम्हाला असंच विचारायला शिकवलेलं असतं. आवाज मात्र असा कापायला शिकवलेलं नसतं.

"एक रिकामी खोली तापवत होतो."

"रिकामी खोली कशाला तापवायची?" मला ठाऊक होतं. तरी त्याच्याच तोंडून हवं होतं.

"वर एक मुलगी बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि मधे मधे शिंकते. मला... ऐकवेना."

"तिला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तिने लगेच भाडं म्हणून बोरेक पाठवले असते. मला भाडं नको होतं."

"मग बंद का केलीत?"

"तिने स्वतःचं बॉयलर लावलं. आणि रिकामी ताटली दिली. मला कळलं, हिला माझं काहीच नको आहे."

कंपनीच्या नियमाप्रमाणे ग्राहकाला ताटकळत ठेवायचं नसतं. मी ठेवलं. मग श्वास घेऊन म्हणाले, "साहेब, त्या मुलीने दारात लाल बूट पाहिले होते. तिला वाटलं, खोली दुसऱ्याच कुणासाठी तापतेय. ती जळत होती."

"जळत होती?" त्याचा आवाज बदलला. "कोण... तू?"

"मी. रात्रंदिवस. मला तू हवा आहेस, इल्केर. सगळाच्या सगळा. आणि हे रेकॉर्ड होतंय, त्यामुळे नंतर नाकारता येणार नाही मला."

तो हसला. ते हसू कानात आलं आणि पायांखालूनही आलं.

"पाच वाजता सुटतेस ना? खाली ये. माझं ऐकून घेतलंस, आता समोर बसून ऐक. मीही तेच म्हणणार आहे, पण फोनवर नाही."

"येते. पाहुण्यांना घरात घालायला चपला आहेत का तुझ्याकडे?"

"एक जोड आहे." तो जरा घुटमळला. "म्हणजे... बेर्नाला दिला होता तोच."

माझ्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. सवय अशी एकदम कशी जाईल?

"तो फेकून दे," मी म्हणाले. "मी माझ्या घेऊन येते. आणि नीट ऐक, इल्केर... जाताना त्या परत नेणार नाही."